दोन नद्यांमधला उमेदवार : मोल्दोवा आणि युरोपीय महासंघ

मोल्दोवा हा देश मुख्यतः दोन नद्यांच्या मध्ये वसलेला आहे. पश्चिमेला प्रूत, पूर्वेला नीस्टर. क्षेत्रफळ सुमारे 33,800 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढे. प्रूतच्या पलीकडे रोमानिया आहे आणि तो 2007 पासून युरोपीय महासंघाचा सदस्य आहे. नीस्टरच्या पलीकडे ट्रान्सनिस्ट्रिया नावाचा चिंचोळा पट्टा आहे. तो कागदोपत्री मोल्दोवाचाच, पण 1992 पासून तिथे मोल्दोवाच्या सरकारचा अंमल चालत नाही. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर आठवडाभरातच, 3 मार्च 2022 रोजी, मोल्दोवाने महासंघाकडे सदस्यत्वाचा अर्ज केला. 23 जून 2022 रोजी त्याला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. एरवी या टप्प्याला वर्षे लागतात. इथे चार महिनेही लागले नाहीत.

अर्ज लवकर स्वीकारला गेला म्हणून पुढची वाट सोपी झाली नाही. 1993 मध्ये कोपनहेगनच्या बैठकीत महासंघाने प्रवेशाचे निकष ठरवले. स्थिर लोकशाही संस्था, कायद्याचे राज्य, स्पर्धेत टिकणारी बाजारव्यवस्था आणि महासंघाचा संपूर्ण कायदेसंग्रह अंमलात आणण्याची क्षमता. हे निकष एक गोष्ट गृहीत धरतात : अर्जदार हे एक पुरे उभे राहिलेले राज्य आहे. त्याची हद्द ठरलेली आहे, त्याच्या न्यायालयांचे हुकूम त्या हद्दीत चालतात, दिवे लावण्यासाठी त्याला कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. मोल्दोवाच्या बाबतीत नेमके हेच धरून चालता येत नाही. त्याला पायाही खणायचा आहे आणि कळसही चढवायचा आहे, तेही एकाच हंगामात.

ही अवस्था का आली ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1812 मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात बुखारेस्टचा तह झाला आणि प्रूत व नीस्टर यांमधला मुलूख, म्हणजे बेसारेबिया, रशियन साम्राज्यात गेला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 मध्ये, तो रोमानियाला जोडला गेला. 1939 च्या जर्मनी-सोव्हिएत कराराच्या गुप्त कलमाच्या आधारे स्टालिनने 1940 मध्ये तो परत घेतला. त्या वेळी त्याने नकाशावर दोन बदल केले आणि दोन्हींची किंमत आजचा देश मोजतो आहे. नीस्टरच्या डाव्या तीरावरची एक पट्टी 1924 पासून युक्रेनच्या अंतर्गत स्वायत्त प्रजासत्ताक म्हणून होती. तिचा काही भाग बेसारेबियाला जोडला गेला. उलट दक्षिणेचा, काळ्या समुद्रालगतचा भाग तोडून युक्रेनला दिला गेला. परिणामी मोल्दोवाला समुद्र उरला नाही. डॅन्यूब नदीचा अर्धा किलोमीटरच्या आसपास काठ तेवढा त्याच्या वाट्याला आला आणि त्यावर ज्युर्ज्युलेश्त हे एकमेव बंदर उभे आहे. पुढे 1946-47 चा दुष्काळ आणि 1949 ची सैबेरियाकडची हद्दपारी या दोन आपत्तींनी बेसारेबियाचे खेडे पिळून निघाले.

भाषेचा प्रश्न याच इतिहासातून आला. बेसारेबियात बहुसंख्य लोक जी भाषा बोलतात ती रोमानियन. सोव्हिएत राजवटीने तिला 'मोल्दोवन' हे वेगळे नाव दिले, सिरिलिक लिपीत बसवले आणि ती स्वतंत्र भाषा असल्याचे शाळांमधून शिकवले. 31 ऑगस्ट 1989 रोजी लॅटिन लिपी परत आली. 1991 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात भाषेचे नाव 'रोमानियन' आहे, तर 1994 च्या राज्यघटनेत 'मोल्दोवन'. 2003 मध्ये तर मोल्दोवन-रोमानियन असा शब्दकोशही छापून आला. त्यातले बहुतेक शब्द दोन्ही बाजूंना सारखेच असल्याने तो चेष्टेचा विषय झाला. 2013 मध्ये घटनात्मक न्यायालयाने जाहीरनामा श्रेष्ठ ठरवला, आणि मार्च 2023 मध्ये संसदेने सर्व कायद्यांत 'रोमानियन' हे नाव घातले. या वादाकडे केवळ अस्मितेचे भांडण म्हणून पाहणे चुकीचे ठरेल, कारण त्यातून एक व्यवहारी फायदाही निघाला. महासंघाचे हजारो कायदे आणि नियम उमेदवार देशाला स्वतःच्या भाषेत आणावे लागतात. ते काम मोल्दोवासाठी रोमानियाने आधीच करून ठेवले आहे. सर्बिया किंवा आल्बानियाला जो अनुवादाचा डोंगर फोडावा लागतो, तो राजधानी किशिनाउच्या सचिवालयाला आयता फुटलेला मिळाला.

नीस्टरच्या पलीकडचे प्रकरण मात्र असे आयते सुटणारे नाही. 1989 चा भाषा कायदा होताच तिथल्या रशियन आणि युक्रेनियन भाषकांना, विशेषतः मोठ्या कारखान्यांच्या व्यवस्थापकांना, देश रोमानियात विलीन होईल अशी भीती वाटली. सोव्हिएत काळात जड उद्योग आणि वीजनिर्मिती याच तीरावर एकवटलेली होती. शेतीवाडी आणि द्राक्षमळे उजव्या तीरावर. सप्टेंबर 1990 मध्ये डाव्या तीरावरच्या तिरास्पोल या मुख्य शहराने वेगळे होण्याची घोषणा केली. 1992 च्या मार्च ते जुलै या काळात युद्ध झाले. जूनमध्ये बेंदेर शहराच्या रस्त्यांवर लढाई झाली आणि तिथे ठाण मांडलेल्या रशियाच्या चौदाव्या सेनेने फुटीरांच्या बाजूने पारडे झुकवले. 21 जुलै 1992 रोजी रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन आणि मोल्दोवाचे अध्यक्ष मिर्चा स्नेगूर यांनी युद्धबंदीवर सही केली. तेव्हापासून रशियाचे सैनिक तिथे आहेत. आजची संख्या सुमारे दीड हजार धरली जाते. कोबास्ना गावाजवळ सोव्हिएत काळातला दारूगोळा पडून आहे, अंदाजे 20,000 टन. 1999 च्या इस्तंबूल परिषदेत रशियाने हे सैन्य काढून घेण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही.

ट्रान्सनिस्ट्रियाला स्वतंत्र देश म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्याने मान्यता दिलेली नाही, रशियानेसुद्धा नाही. तरीही त्याचे स्वतःचे रूबल आहेत, त्यांत प्लॅस्टिकची नाणीही आहेत. झेंड्यावर विळा-हातोडा आहे. आणि पेट्रोल पंपापासून किराणा दुकानांपर्यंत सगळीकडे 'शेरिफ' या एकाच कंपनीची पाटी आहे. याच कंपनीचा फुटबॉल संघ 2021 मध्ये माद्रिदला जाऊन रियल माद्रिदला 2-1 असा हरवून आला आणि तो संघ अधिकृतपणे मोल्दोवाचा विजेता म्हणून खेळत होता. या प्रदेशाचे बाहेरच्या जगाशी असलेले सगळे नाते असे दुटप्पी आहे. त्याची निष्ठा मॉस्कोशी आहे, पण मोल्दोवा आणि महासंघ यांच्यातला व्यापार करार लागू झाल्यापासून त्याचा बराचसा माल पश्चिमेकडेच जातो. जानेवारी 2024 पासून किशिनाउने तिथल्या कंपन्यांना आयातशुल्क भरायला लावले. गोळी न झाडता सीमेचा प्रश्न हाताळण्याची ही पद्धत संथ आहे, पण आजवरच्या परिषदांपेक्षा ती परिणामकारक दिसते.

2003 मध्ये दिमित्री कोझाक या रशियन दूताने एक तोडगा आणला होता. त्यानुसार मोल्दोवा संघराज्य झाले असते, देशाच्या निर्णयांवर ट्रान्सनिस्ट्रियाला नकाराधिकार मिळाला असता आणि रशियन सैन्य दीर्घकाळ राहिले असते. तत्कालीन अध्यक्ष व्लादिमीर व्होरोनिन हे कम्युनिस्ट होते, तरी सहीच्या आदल्या रात्री त्यांनी माघार घेतली. तो आराखडा मान्य झाला असता तर महासंघाच्या अर्जावर तिरास्पोलची मोहर लागली असती, म्हणजे अर्ज झालाच नसता.

फुटलेल्या देशाला सदस्य करून घेता येते का? सायप्रसचा दाखला दिला जातो. 2004 मध्ये सायप्रस सगळ्या बेटासह सदस्य झाला, पण जिथे सरकारचा ताबा नाही त्या उत्तर भागात महासंघाचे कायदे स्थगित ठेवले गेले. मोल्दोवाचे राजकारणी आता याच वाटेचा उल्लेख करतात : आधी उजवा तीर, मग डावा. पण सायप्रसचा अनुभव खुद्द महासंघाला फारसा सुखाचा गेलेला नाही. शिवाय सायप्रसची विभागरेषा लष्कराने आखलेली आणि पहाऱ्यातली आहे. नीस्टर ओलांडून मात्र रोज हजारो लोक कामाला, दवाखान्यात, बाजाराला जातात, आणि डाव्या तीरावरच्या बहुतेकांच्या खिशात मोल्दोवाचा पासपोर्ट आहे.

या फाळणीचा सर्वांत विचित्र भाग विजेच्या बिलात दडलेला होता. रशियाची गॅझप्रॉम कंपनी ट्रान्सनिस्ट्रियाला नैसर्गिक वायू देत असे. तिरास्पोल त्याचे पैसे देत नसे. आणि थकबाकी मोल्दोव्हागाझ या कंपनीच्या नावावर चढत असे. या मोल्दोव्हागाझमध्येही निम्म्याहून अधिक हिस्सा गॅझप्रॉमचाच. फुकटच्या वायूवर कुचुर्गान इथले औष्णिक केंद्र चाले, तिथली वीज स्वस्तात किशिनाउला विकली जाई आणि त्या पैशांवर फुटीर प्रशासनाचे पगार निघत. उजव्या तीरावरचा ग्राहक दर महिन्याला बिल भरून आपल्याच देशाची फाळणी पोसत होता. हे सगळ्यांना ठाऊक होते, पण स्वस्त विजेला पर्याय नव्हता.

पर्याय उभा करायला आठ-दहा वर्षे लागली. रोमानियातल्या याश शहरापासून उंगेनीपर्यंतची वायुवाहिनी 2014 मध्ये सुरू झाली, पण किशिनाउपर्यंत पोचायला तिला आणखी काही वर्षे लागली. ऑक्टोबर 2021 मध्ये गॅझप्रॉमने पुरवठा आखडल्यावर सरकारने आणीबाणी जाहीर केली आणि स्वतंत्र मोल्दोवाने पहिल्यांदाच रशियाबाहेरून वायू विकत घेतला. 16 मार्च 2022 रोजी युक्रेन आणि मोल्दोवा यांची वीजवाहिनी युरोपच्या जाळ्याशी जोडली गेली. युद्ध नसते तर हे काम आणखी वर्षभर तरी चालले असते. त्या वर्षी महागाईचा दर तीस टक्क्यांच्या वर गेला. 1 जानेवारी 2025 रोजी युक्रेनमार्गे होणारी रशियन वायूची वाहतूक थांबली, तेव्हा अंधार आणि गारठा ट्रान्सनिस्ट्रियाच्या वाट्याला आला. उजव्या तीराने रोमानियातून महाग वीज घेऊन हिवाळा काढला. स्वातंत्र्याची किंमत इतकी नेमकी, युनिट आणि पैशांच्या हिशेबात, फार थोड्या देशांना कळली असेल.

सीमा आणि ऊर्जा या अडचणी बाहेरून लादलेल्या म्हणता येतील. न्यायव्यवस्थेची अडचण घरातली आहे, आणि महासंघाच्या दृष्टीने तीच अधिक गंभीर आहे. 2014 च्या सुमारास उघड झालेली दोन प्रकरणे त्यासाठी पुरेशी आहेत. पहिल्यात 2010 ते 2014 या काळात सुमारे 20 अब्ज डॉलर रशियातून मोल्दोवामार्गे बाहेर काढले गेले. पद्धत साधी होती. दोन बनावट कंपन्यांनी एकमेकींमध्ये खोटे कर्ज दाखवायचे, त्याला मोल्दोवाचा एखादा नागरिक जामीन ठेवायचा, म्हणजे खटला तिथल्या न्यायालयात चालेल. मग न्यायाधीशाने वसुलीचा हुकूम द्यायचा आणि काळा पैसा न्यायालयाच्या शिक्क्यानिशी लाटव्हियातल्या बँकेत जायचा. दुसरे प्रकरण बँकचोरीचे. तीन बँकांमधून सुमारे एक अब्ज डॉलर कर्जाच्या रूपाने नाहीसे झाले. देशाच्या वार्षिक उत्पन्नाचा हा साधारण आठवा हिस्सा होता. बँका बुडू नयेत म्हणून सरकारने हमी दिली आणि चोरीचे पैसे करदात्यांच्या माथी आले. माजी पंतप्रधान व्लाद फिलात यांना ऑक्टोबर 2015 मध्ये संसदेच्या इमारतीतच अटक झाली. इलान शोर या उद्योजकाला 2023 मध्ये त्याच्या गैरहजेरीत पंधरा वर्षांची शिक्षा झाली. आणि ज्याच्या हातात प्रत्यक्ष सत्तेची सूत्रे होती असे म्हटले जाते तो व्लादिमीर प्लाहोत्निउक 2019 मध्ये देश सोडून गेला. सप्टेंबर 2025 मध्ये ग्रीसने त्याला मोल्दोवाच्या ताब्यात दिले.

इथे एक कडवट गोष्ट नोंदवायला हवी. ही चोरी झाली तेव्हा सत्तेवर असलेली आघाडी स्वतःला 'युरोपवादी' म्हणवत होती. तिच्याच कारकिर्दीत, एप्रिल 2014 मध्ये, मोल्दोवाच्या नागरिकांना युरोपात व्हिसाविना प्रवास मिळाला आणि 27 जून 2014 रोजी सहकार्य करारावर सह्या झाल्या. त्यामुळे 'युरोप' हा शब्द पुढे कित्येक वर्षे सामान्य मतदाराच्या कानाला चोरांच्या तोंडचा वाटत राहिला. 2020 मध्ये अध्यक्ष झालेल्या माया सांदू यांनी भ्रष्टाचाराविरुद्धची मोहीम आणि महासंघ यांची सांगड घातली ती यामुळेच. त्यांच्या पक्षाने न्यायाधीशांची मालमत्ता आणि पूर्वेतिहास तपासणाऱ्या समित्या नेमल्या, त्यांत परदेशी तज्ज्ञही घेतले. बरेच न्यायाधीश तपासणीत नापास झाले, बरेच त्याआधीच राजीनामा देऊन मोकळे झाले. न्यायालये स्वच्छ होण्याआधी ओस पडू लागली. लहान देशात हा पेच टाळता येत नाही. वाईट न्यायाधीश काढता येतो, पण त्याच्या जागी बसवायला चांगला माणूस बहुधा बुखारेस्टला किंवा ब्रसेल्सला नोकरी करत असतो.

माणसांची ही गळती सरकारी खात्यांपुरती नाही. 1989 च्या जनगणनेत दोन्ही तीर धरून लोकसंख्या सुमारे 43 लाख होती. 2024 च्या जनगणनेत उजव्या तीरावर 24 लाख उरले. लाखो लोकांनी आजी-आजोबांच्या आधारे रोमानियाचे नागरिकत्व घेतले आणि इटली, जर्मनी, फ्रान्स गाठले. देश महासंघात जाण्याआधी त्याची माणसे एकेकटी गेली. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर खेड्यांतली घरे उभी राहिली, मात्र त्या घरांत बहुधा म्हातारी माणसे आणि नातवंडेच राहतात.

व्यापाराच्या आघाडीवर, विचित्र वाटेल, पण रशियानेच मोल्दोवाला पश्चिमेकडे ढकलले. 2006 मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर 2013 मध्ये रशियाने मोल्दोवाच्या वाइनवर बंदी घातली. कारण दर्जाचे सांगितले गेले, पण वेळ राजकीय होती. 2014 मध्ये करारावर सह्या होताच फळांवरही बंदी आली. क्रिकोवा आणि मिलेश्ती मिची यांची चुनखडीच्या खाणींतली मैलोन्‌मैल तळघरे पूर्वी रशियन ग्राहकासाठी गोड, स्वस्त वाइन भरत. बंदीनंतर उत्पादकांना वाण, बाटली, लेबल, सगळे बदलावे लागले. आज एकूण निर्यातीतला निम्म्याहून बराच अधिक भाग महासंघातल्या देशांना जातो. दूध, मांस, अंडी यांचे घोडे मात्र बराच काळ अडून राहिले, कारण खेड्यातल्या दोन गायींच्या गोठ्याला युरोपीय स्वच्छतेचे निकष लावणे कागदावरच सोपे असते.

देशाच्या दक्षिणेला गागाउझ लोक राहतात. भाषा तुर्की कुळातली, धर्म ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि राजकीय ओढा रशियाकडे, असे हे मिश्रण. 1994 मध्ये त्यांना स्वायत्तता मिळाली आणि ट्रान्सनिस्ट्रियासारखे युद्ध टळले. पण फेब्रुवारी 2014 मध्ये त्यांनी परस्पर सार्वमत घेऊन सुमारे 98 टक्क्यांनी रशियाप्रणीत सीमाशुल्क संघाला पसंती दिली. तिथल्या प्रशासनाच्या प्रमुख एवगेनिया गुत्सूल यांना ऑगस्ट 2025 मध्ये इलान शोरच्या पक्षाला बेकायदा पैसा पुरवल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. समर्थकांनी याला सूड म्हटले. चर्चही दुभंगलेले आहे : किशिनाउचे मुख्य धर्मपीठ मॉस्कोच्या अधीन, तर बेसारेबियाचे धर्मपीठ बुखारेस्टच्या, आणि गावोगावचे पाद्री यांपैकी एकाची निवड करत असतात.

या सगळ्या भेगा 20 ऑक्टोबर 2024 च्या सार्वमतात एकदम दिसल्या. महासंघाचे ध्येय राज्यघटनेत घालावे का, असा प्रश्न होता. होकार मिळाला तो 50.35 टक्क्यांनी, दोन्ही बाजूंतले अंतर साडेदहा हजार मतांच्या आसपास. देशातल्या मतपेट्यांत नकार पुढे होता. परदेशातल्या मतदारांनी तो उलटवला. गागाउझियात होकार पाच टक्क्यांच्या आसपास राहिला. मॉस्कोत आश्रय घेतलेल्या शोरच्या जाळ्यातून लाखाहून अधिक मतदारांना पैसे दिले गेल्याचे पोलिसांनी सांगितले. तरीही सगळा नकार विकत घेतलेला होता असे म्हणणे आळशीपणाचे ठरेल. गारठलेल्या घरात तिप्पट-चौपट बिल हातात घेऊन बसलेल्या पेन्शनरला युरोप म्हणजे आधी ते बिल दिसते. 28 सप्टेंबर 2025 च्या संसदीय निवडणुकीत मात्र सांदू यांच्या पक्षाने 101 पैकी 55 जागा मिळवून बहुमत राखले.

शेवटचा अडसर मोल्दोवाच्या हातातला नाही. प्रवेशाच्या जवळपास प्रत्येक पायरीवर सत्तावीसही सदस्य देशांची संमती लागते. मोल्दोवा आणि युक्रेन यांचे अर्ज जोडीने पुढे गेले. 25 जून 2024 रोजी लक्झेम्बर्गला दोघांच्या वाटाघाटी एकाच दिवशी औपचारिकपणे सुरू झाल्या. पण हंगेरीने युक्रेनला अडवून धरले आणि सुक्याबरोबर ओलेही जळावे तसा मोल्दोवाही अडकला, जरी बुडापेस्टचे त्याच्याशी काही भांडण नव्हते. महासंघाने 2025 ते 2027 या काळासाठी सुमारे 1.9 अब्ज युरोंची योजना मंजूर केली आहे, आणि हप्ते सुधारणांच्या प्रगतीनुसार मिळायचे आहेत. मोल्दोवाचे कायदे महासंघाच्या कायद्यांशी ताडून पाहण्याचे काम सप्टेंबर 2025 मध्ये पूर्ण झाले. वाटाघाटी 2028 पर्यंत संपवण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. 2025 साल संपले तेव्हा त्यांतले एकही प्रकरण औपचारिकपणे उघडलेले नव्हते.